सुपारी फुटायच्या आत

एसटीत कंडक्टर होतो तेव्हा तिकिटाच्या मशीनकडे मी बघायचो नाही. हिंगणघाट-गिरड गाडीत डोळे गर्दीवर आणि बोट मशीनवर. त्या बटणांना उंचवटा होता, दाबलं की दाबलं म्हणून कळायचं. बाकी सगळं काम माझ्या आवाजाचं. एकदा ‘पुढं सरका’ म्हणालो की अख्खी गाडी सरकायची.

तो आवाज गेल्या वर्षी गेला. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन गळ्यात गाठ झाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. जीव वाचला, नाही कशाला म्हणू? पण माझ्यासारख्या तोंडाळ माणसावर गळ्याला रुमाल बांधून गप्प बसायची पाळी आली. मग पोरीनं स्वतःच्या पगारातून मोठ्या स्क्रीनचा मोबाईल आणला. दुकानदार तिला म्हणाला होता, काकांना टाइप करायचा त्रास कशाला, बोलायला सांगा, आपोआप लिहिलं जातं. हे मला हसत सांगता सांगता ती मधेच रडायला लागली.

काच ती काच. बोटाला काही कळतच नाही. ‘क’ वर टेकवावं तर ‘ख’ उमटतो, जरा जास्त वेळ ठेवलं तर भलतंच काही उघडतं. काना सापडला की वेलांटी हरवते. एकदा संतापून मोबाईल दिवाणावर आपटला आणि मग फुटला तर नाही ना म्हणून गुपचूप तपासून पाहिला. बायको शेजारी बसून अर्धंच वाचायची आणि उरलेलं स्वतःच ठरवायची. ‘भाजीत मीठ’ इतकं लिहून होईस्तोवर ती मिठाचा डबा घेऊन हजर. मला लिहायचं होतं की मीठ जास्त झालंय.

खरा त्रास वेळेचा होता. चार माणसं बसली की माझं वाक्य पुरं होईपर्यंत बोलणं दोन स्टॉप पुढं निघून गेलेलं असायचं. मी लिहिलेलं पुसून टाकायचो. घरात असून नसल्यासारखं वाटायचं. फार वाईट वाटायचं.

अशात पोरीची सोयरीक जमत आली. मुलगा अल्लीपूरकडचा, घरची शेती, स्वतः वर्ध्यात कामाला. पोरगी एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासते. तिची नोकरी चालू राहील, हे निरोपानिरोपीत ठरलेलंच होतं. तरी बैठकीच्या आदल्या दिवशी ती माझ्याजवळ येऊन बसली.

“बाबा, नोकरीचा विषय निघाला तर तुमीच बोलजा. दुसऱ्या कोणाच्या भरवशावर नका राहू.”

बोलजा म्हणाली. मी नुसती मान हलवली.

आमच्याकडे बैठकीत सगळं ठरलं की सुपारी फोडतात. ती फुटली की सोयरीक पक्की, मग कोणी काही काढायचं नाही. वर्ध्याजवळ सिंदी मेघेतल्या आमच्या घरात पाहुणे बसले, चहा झाला, तारखेचं निघालं. कारभार सगळा माझ्या मोठ्या भावाकडे. तेवढ्यात मुलाची आत्या सहज म्हणाली की लग्नानंतर नोकरीचं काय काम, घरी कमी काय आहे. आणि माझे बंधुराज, सुपारी फोडायची घाई झालेले, म्हणाले की हो हो, ते तर आहेच.

माझ्या अंगाचा भडका उडाला. हात वर केला, तर कोणीतरी पाण्याचा गिलास आणून दिला. मोबाईल काढला. ‘मुलगी’ लिहिलं, तर वर त्यानं ‘झाली’ सुचवलं. पुसलं. पुन्हा लिहिलं. भावाला वाटलं मी व्हॉट्सॲप बघतोय.

“ठेव न बावा तो मोबाईल आता, पाहुणे बसून हायेत,” तो म्हणाला आणि त्यानं अडकित्ता हातात घेतला.

दारातल्या पडद्याआडून पोरगी माझ्याकडे बघत होती. माझे दोनच शब्द झाले होते. मी पुढं वाकलो, ताटातली सुपारी उचलली आणि मुठीत घट्ट धरली.

ताटातली सुपारी अशी कोणी उचलत नाही. आत्याचा चेहरा उतरला. एका हाताच्या मुठीत सुपारी, मोबाईल मांडीवर, आणि दुसऱ्या हाताचं एक बोट अक्षरं शोधतंय. भाऊ काही म्हणणार, तोच पडदा बाजूला झाला.

“थांबा,” पोरगी म्हणाली. “बाबा बोलून राह्यले.”

भावानं अडकित्ता खाली ठेवला. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच माझं वाक्य पुरं व्हायची लोक वाट बघत होते. चुकलं ते पुसून मी पुन्हा लिहिलं, आणि मोबाईल मुलाच्या वडिलांच्या हातात दिला.

‘मुलगी नोकरी सोडणार नाही. कबूल असेल तर फोडा, नसेल तर रामराम.’

त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा मुलाकडे. मुलानं मान हलवली. तोंडानं बोलले असते तर काम झालं असतं, मला चांगलं ऐकू येतं. पण मुक्या माणसाला ऐकूही येत नसावं असं त्यांना वाटलं असेल, कारण ते माझ्याच मोबाईलवर उत्तर लिहायला लागले. शेतकऱ्याचं भेगाळलेलं बोट, माझ्याहून अडाणी. टेकवायचे, पुसायचे, पुन्हा टेकवायचे. मी अडवलं नाही. जीव टांगणीला लागला होता, पण या माणसाला घाई करायची नाही असं मला मनापासून वाटलं.

शेवटी त्यांनी मोबाईल माझ्यापुढं धरला.

‘कबूल. रामराम नको.’

मला अक्षरं धूसर दिसायला लागली. मोबाईल मी पोरीकडे दिला आणि मूठ उघडली. सुपारी घामानं ओली झाली होती. भावानं ती आपल्या दुपट्ट्याला पुसली आणि मग फोडली.