आपण बसा, मी ऐकतोय

"आपण बसा, मी ऐकतोय," असं म्हणताना आमचे हवालदार उजवा हात छातीवर ठेवायचे आणि मान जराशी कलती करायचे. देवळातल्या पुजाऱ्यालाही इतकं जमत नाही. हे सगळं त्यांना पालघरला शिकवलं होतं.

बोईसरकडच्या एका पोलीस ठाण्यात मी चहा करते, झाडलोटही करते. त्यामुळे मी त्यांना शिकण्याआधीही पाहिलं आहे. असा माणूस तुम्हीही कुठल्या ना कुठल्या टेबलामागे पाहिला असेल. तेव्हा त्यांचं एकच वाक्य होतं, "पटकन बोल, मला वेळ नाही." एवढं बोलून ते पेपरातलं कोडं सोडवायला घ्यायचे.

एकदा रिक्षावाल्याच्या कानाखाली वाजवली म्हणून त्यांना बिनपगारी घरी बसवलं. घरी बसून माणूस सुधारला म्हणाल, तर तसं काही नाही. बायकोने शेजारी तांदूळ मागितले, मुलीची शिकवणी सुटली आणि हे परत आले ते दुप्पट खेकसत. शिक्षा घरच्यांनी भोगली, राग आल्यागेल्यावर निघाला.

मग डोंगराकडच्या पाड्यावरची एक बाई आली. तिची मुलगी मुकादमाबरोबर कंपनीत कामाला गेली होती, पुढे फोनच बंद. हवालदार म्हणाले, "पळाली असेल कुणाबरोबर. चल, निघ." आणि खांद्याला धरून तिला दाराबाहेर केलं. पाड्यावरच्या गुरुजींनी वर तक्रार केली.

मोठे साहेब या वेळी म्हणाले, "पगार कापून बघितला, उपयोग झाला नाही. आता पगार चालू ठेवू, माणूस बदलू." हवालदारांना पालघरला प्रशिक्षणाला पाठवलं. तिथे जेवणात श्रीखंड होतं म्हणे. ते ऐकून दोन शिपायांनी, आम्हाला कधी पाठवता, असं विचारून पाहिलं.

हवालदार परत आले ते मोटारसायकलच्या आरशात बघून वाक्यं घोकत. घरी बायकोला म्हणाले, "मी आपली भावना समजू शकतो." तिने कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं. हे त्यांनीच आम्हाला सांगितलं, अगदी गंभीरपणे.

एकदा मला म्हणाले, "मावशी, जरा तक्रारदार व्हा."

मला पुरुषांसमोर बोलायची सवय नाही. सुचेल ते बोलले, "दूध फाटलं."

"दूध फाटल्याचं आपलं दुःख मी समजू शकतो," ते म्हणाले. त्या दिवशी चहा मात्र काळाच प्याले.

मग ती बाई पुन्हा आली. मुलीचा अजून पत्ता नव्हता. हवालदार उठून उभे राहिले, खुर्ची पुसून दिली, मला पाणी आणायला सांगितलं. एवढा मान बघून बाईचं तोंड पांढरं पडलं.

"साहेब, माजी पोर मेली का?"

"नाही, नाही. आपण बसा, मी ऐकतोय."

ती खुर्चीच्या कडेवर टेकली. सगळं सांगितलं, मुकादम कुठला, गाडी कुठे थांबली होती. हवालदार मान हलवत राहिले.

"आपल्या मनाची अवस्था मी समजू शकतो."

"मंग लिवा ना."

"आपण धीर धरा."

हात छातीवरच होता. पेन टेबलावर तसंच पडलेलं. बाई पदर सावरत उठायला लागली. आता ही गेली तर परत येणार नाही, हे मला दिसत होतं.

"साहेब, पोरीचं नाव नाही विचारलंत," मी म्हणाले. माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की वाटलं, आता माझी नोकरी गेली. मग छातीवरचा हात खाली आला आणि पेनाकडे गेला.

"नाव काय पोरीचं?"

बाई भडाभडा बोलायला लागली. "हळू बोल गं, लिहितोय ना," ते खेकसले. तेव्हा कुठे बाई खुर्चीत मागे टेकून बसली.

मुलगी वापीकडे सापडली. मुकादमाने मुलींचे फोन काढून घेऊन त्यांना एका खोलीत ठेवलं होतं. आणायला हवालदार स्वतः जीपमधून गेले. वरच्यांनी ठरवलं की प्रशिक्षणाचा गुण आला. मला कोणी विचारलं नाही, माझ्याकडे चहाच मागितला. आणि हवालदारांना पालघरला बोलावणं आलं, इतरांना शिकवायला.

जायच्या दिवशी ते माझ्या स्टोव्हपाशी आले. "मावशी, तिथं मी काय शिकवू?"

"मला काय कळतंय त्यातलं," मी म्हणाले. ते हसले नाहीत. चहा निवेपर्यंत कप हातात धरून उभे होते.

पुढे उन्हाळ्यात ती बाई ताडगोळे घेऊन आली. टेबलामागे नवीन माणूस बघून ती माझ्याकडे वळली.

"ते वरडनारे साहेब कुटं हायत?"

"पालघरला. गोड बोलायला शिकवतात."

ती पदर तोंडाला लावून हसली. "त्यांना सांगा, वरडा पायजे तितकं, पन पयलं लिवून घ्या." ताडगोळे तिने माझ्याच ओट्यावर ठेवले.

मुलगी तिच्याबरोबर आली होती, पण फाटकाबाहेर उभी. मी हाक मारली. तिने खाकी कपड्यांकडे बघितलं आणि नको म्हणून मान हलवली. शेवटी मीच चहा घेऊन गेले. तिने गजांमधून हात आत घातला, कप घेतला आणि आमच्याकडे पाठ करून रस्त्याकडे बघत प्यायला लागली.