गाळपेरावरचे पाहुणे

परात वाजली आणि सगळा काठ उडाला.

मी स्कोपला डोळा लावून पक्षी मोजत होते. स्कोप म्हणजे तिपाईवर बसवलेली, एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण. धरणाच्या पाण्यावर धुकं होतं आणि त्याच्या कडेला टिलवे, चिखले, तुतवार असे बारके पक्षी चिखलात चोची खुपसत होते. समुद्रकिनारीही हेच पाहुणे येतात. पण आमच्या बुलडाण्याला समुद्र कुठला? हिवाळ्यात धरणाचं पाणी उतरतं आणि जो ओला चिखल उघडा पडतो, तोच आमचा किनारा. उडालेला थवा धुक्यात वळला, एकदम पांढरा झाला, पुन्हा वळला आणि दिसेनासा झाला. पगार मोजण्याचा मिळतो, बघण्याचा नाही. पण असल्या वेळी मोजतंय कोण!

तेवढ्यात पुन्हा परात.

वाजवत होते शरीफचाचा. दुसरबीडकडचे, गाळपेरावर टरबूज लावणारे. पाणी उतरलं की धरणाच्या पोटातली जमीन एका हंगामापुरती कसायला मिळते, तो गाळपेर. पावसाळ्यात ती पुन्हा पाण्याची.

"चाचा, काऊन हाकलून राह्यले?" मी ओरडले. माझं माहेर डोणगावचं, त्यामुळे शेतात उभी राहिले की वऱ्हाडीच निघते.

"मंग काय करू? तुमी पाखरं मोजसान, अन् साहेब लोक म्हनतीन, हे जागा पाखराईची. माहा गाळपेर गेला मंग!"

चाचांची भीती खोटी नव्हती. हा काठ पक्ष्यांसाठी राखायचा आणि इथली शेती बंद करायची, असा प्रस्ताव होता. माझ्या मोजणीवर तो ठरणार होता. चाचांना दुसरी जमीन नव्हती. मला त्यांचा रागही आला आणि वाईटही वाटलं.

उडालेले पक्षी आधी बसू द्यावे लागतात, नाहीतर तेच दोनदा मोजले जातात. म्हणून मी चाचांच्या खोपीपाशी जाऊन बसले. "परात ठेवा खाली, अन् चहा पाजा," म्हटलं. चाचा बडबडत चुलीकडे वळले. कितीही रागात असला तरी चहाला नाही म्हणणारा माणूस आमच्या जिल्ह्यात अजून जन्मायचाय.

ऊन वर आलं. धुकं हळूहळू विरलं. थवा अजून पाण्यावर फेऱ्या मारत होता. मला वाटलं, आता समोरच्या काठावर उतरेल. तिथे शेती नाही, माणूस नाही, परात नाही. पण तो काठ बेशरमीच्या झुडपांनी थेट पाण्यापर्यंत भरला होता. थवा त्याच्यावरून गेला, थांबलाच नाही. वळून आला तो सरळ आमच्यासमोर, चाचांच्या बैलांनी तुडवलेल्या चिखलात.

खुरांच्या खड्ड्यांत पाणी साचलं होतं, पाण्यात आभाळ उतरलं होतं, आणि त्या आभाळात चोच बुडवून एकेक टिलवा उभा होता. चिमणीएवढा जीव, कुठल्या कुठल्या बर्फाच्या मुलखातून आलेला. बघता बघता मी कुठे बसलेय तेच विसरले. चहा निवला.

"एवढुसे हायेत," चाचा हळूच म्हणाले. "मले वाटलं, बी खाऊन राह्यले."

"किडे खातेत, चाचा. तुमचं बी नाई लागत त्याइले."

मी हा काठ मोजला. मग स्कोप फिरवून समोरचाही मोजला, आणि आमच्या सर्व्हेच्या प्रमुखांना, सरांना, फोन लावला.

"भरपूर आहेत ना? झालं तर. शेती बंद करा म्हणून लिहू."

"सर, समोरच्या काठाचा आकडाही घ्या. शून्य."

"शून्य कशाला लिहायचं? नाहीत तर नाहीत."

"तिथे शेती बंदच आहे, सर. म्हणून बेशरम माजलीय. इथे बैल फिरतात, म्हणून चिखल मोकळा राहिलाय."

सर म्हणाले, "मी येऊन बघतो." आले, बघितलं, आणि दोन्ही आकडे रिपोर्टमध्ये गेले.

चाचांचा गाळपेर राहिला. अट एकच, पाण्यालगतची ओली पट्टी पेरायची नाही. त्या अटीवर चाचा भरपूर कुरकुरले.

पुढच्या हिवाळ्यात गेले तर चाचा त्याच पट्टीतून बैल फिरवत होते. मी लांबूनच ओरडले, "चाचा, अथी पेराचं नाई ठरलं ना?"

"पेरून कोन राह्यलं? मेहमान येनार हायेत, जागा कराव लागते."

"अन् परात?"

"घरवालीनं नेली. पीठ मळाले तिले दुसरी नव्हती."

मला हसू आलं आणि डोळेही भरले. पाण्यावर धुकं होतंच. मी स्कोप लावला. तेव्हापासून मी रिकामा काठ आधी मोजते.