महिपतींचा दात

मार्केट यार्डातल्या गूळ बाजारात एक काळ असा होता, की ढेप फुटायची ती महिपतींसमोरच. काळ म्हणजे फार जुना नव्हे, चार वर्षांपूर्वीचा. तात्याराव अडत्यांच्या गाळ्यावर महिपती पारखी होते. सकाळी माल उतरला की हमाल ढेपेचा कोपरा फोडून खपली त्यांच्या हातात ठेवी. महिपती ती पुढच्या दातांनी कटकन तोडत, जिभेवर फिरवत, गालात सारत आणि डोळे मिटत. नवख्याला वाटे, समाधी लागली. मग निकाल यायचा: नंबर एक, किंवा पाक करपलाय, किंवा खारवट जमिनीतला आहे. तशी चिठ्ठी लागे. ती चिठ्ठी अडत्याचा बापही बदलत नाही, असं तात्याराव सांगत, आणि त्यांचे वडील शेजारीच मान हलवत बसलेले असत.

या कौतुकाने माणूस जरा चढला होता, हे मला शेजारी म्हणून सांगायलाच हवं. एका लग्नात पहिला घास घेऊन त्यांनी मुलीच्या बापाला पंगतीतच ऐकवलं, पुरणात गूळ दोन नंबरचा आहे. सोयरीक टिकली हे त्या मुलीचं नशीब.

दिवसाला तीस-चाळीस खपल्या होत. थुंकायचं नाही, कारण ते अन्न. चूळ भरायची नाही, कारण पाण्याने जीभ पुसली जाते असा त्यांचा सिद्धांत. सकाळी राखुंडीने दात घासले की झालं. रात्री दात घासणं त्यांच्या लेखी चोचले होते.

मग आमच्या सोसायटीत दातांचं शिबिर झालं. महिपतींच्या पत्नी सुशीलाबाई त्यांना जवळजवळ ओढतच घेऊन आल्या. डॉक्टर नीरजा म्हणजे वयाने आमच्या मुलीएवढी, पण जिभेला धार अस्सल शहरातली. तिने आरसा घालून पाहिलं आणि सांगितलं, दोन दाढा आणि पुढचे दोन दात किडायला लागलेत. आत्ता आलात तर एका बैठकीत भरून होतील, दुखणारही नाही.

"मी साखरेला हात लावत नाही," महिपती म्हणाले. "गूळ खातो. गूळ औषधी असतो."

"तोंडातल्या जंतूंना ते कुणी सांगितलेलं नाही, काका."

मग तिने नीट समजावलं. किडा वगैरे काही नसतो. गोड तोंडात गेलं की जंतू ते खातात आणि आम्ल सोडतात. ते दाताचं कवच विरघळवतं. नंतर लाळ हळूहळू डागडुजी करते, पण त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. तुम्ही त्याआधीच पुढची खपली घेता. सगळा गूळ एकदम खाऊन मोकळे झाला असतात, तर दातांचे हाल कमी झाले असते. चव घेतली की थुंका, साध्या पाण्याने चूळ भरा, फ्लोराइडच्या पेस्टने दोनदा घासा आणि रात्रीचं तर चुकवूच नका. झोपेत लाळ कमी असते.

हे सगळं मी मागच्या खुर्चीत बसून ऐकलं आणि तेव्हापासून रात्री दात घासतो. महिपती मात्र उठले ते टोपी नीट करत. जिन्यात मला म्हणाले, "पारख्याचा दात किडलाय हे यार्डात कळलं, तर माझी चिठ्ठी कोण मानेल?"

खरी भीती ती होती. डॉक्टरणीचा दवाखाना यार्डाच्या फाटकासमोर, आणि तिथे चहाला सगळे हमाल उभे. सुशीलाबाईंनी कर्वेनगरातला दुसरा दवाखाना सुचवला, तिथे कोण ओळखतंय म्हणून. तिथेही गेले नाहीत. पाच-सहा महिन्यांत दाढ ठणकायला लागली. यांनी उपाय काढला तो घरगुती. कापसाच्या बोळ्यावर लवंगेचं तेल घ्यायचं आणि दाढेत दाबून यार्डात जायचं. दुखणं थांबे. आत कीड आपलं काम करतच होती. कुणी विचारलं तर म्हणत, मुखशुद्धी आहे. सुशीलाबाई गॅलरीतून मला सांगायच्या, अहो, हल्ली आमटीत मीठ घातलं नाही तरी यांना कळत नाही. मी त्यावर विनोद केला. करायला नको होता.

लवंगेने दाढ बधिर होते तशी जीभही होते. गुळाची पारख करणाऱ्या माणसाला हे सुचू नये, यावर आजही माझा विश्वास बसत नाही. संक्रांतीच्या तोंडावर हडपसरचे बापूराव चिक्कीवाले मोठा माल घेऊन गेले. चिठ्ठी होती नंबर एक, खाली सही महिपतींची. गूळ खारवट निघाला. खारवट गूळ हवेतलं पाणी ओढतो. आठ दिवसांत सगळ्या चिक्कीचा लगदा झाला.

बापूराव ती चिक्की डब्यात घालून गाळ्यावर आले. शेजारच्या गाळ्यांवरचे लोकही जमले. महिपतींनी डब्यातला तुकडा तोंडात घातला आणि छातीठोकपणे म्हणाले, यात खारटपणा नाही, पाक तुम्हीच बिघडवलात. तात्यारावांनी एक तुकडा खाल्ला आणि तोंड वाकडं केलं. मग महिपतींच्या तोंडाजवळ जाऊन त्यांनी वास घेतला.

"अण्णा, तोंड उघडा."

"कशाला?"

"उघडा म्हणतो ना."

महिपतींनी उघडलं. चोवीस वर्षं ज्या तोंडाने बाजार चालवला ते तोंड सगळ्यांनी वाकून पाहिलं. काळे पडलेले दात, दाढेतलं भगदाड, त्यात पिवळा बोळा. हसलं कुणी नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर चिठ्ठीचं काम दुसऱ्याकडे गेलं. महिपतींचे चार दात काढावे लागले आणि कवळी आली. डॉक्टर नीरजा म्हणाली, जीभ शाबूत आहे, फक्त लवंग बंद करा. खरंच, महिन्याभरात चव परत आली. आमटीवर घरात पुन्हा टीका सुरू झाली तेव्हा सुशीलाबाईंनी आम्हाला पेढे वाटले.

महिपती मग टोपीला इस्त्री करून यार्डात गेले. तात्यारावांनी खुर्ची दिली, चहा मागवला, मानाने एक खपलीही पुढे केली. ती कवळीने तुटेना, म्हणून हमालाने बारीक करून दिली. महिपतींनी डोळे मिटले, बराच वेळ घेतला आणि म्हणाले, "खारवट आहे. हा चिक्कीला देऊ नका."

"बरं झालं सांगितलंत, अण्णा," तात्याराव म्हणाले.

खाली उतरताना महिपतींना दिसलं, की त्या मालावर नंबर एकची चिठ्ठी आधीच लागली होती आणि ढेपा हडपसरच्या टेम्पोत चढत होत्या. ते सरळ घरी आले, आणि मला सांगितलं तेही तिसऱ्या दिवशी.

पुढल्या पंधरवड्यात बापूराव मऊ चिक्कीचा डबा घेऊन पुन्हा आले म्हणे. गाळ्यावरच्या कुणीतरी त्यांना समजावलं, जुने पारखी त्या दिवशी येऊन बसले होते, त्यांनीच तो माल पास केला असेल. बापूरावांना ते लगेच पटलं.