मेन स्विचवरचा लाल पुठ्ठा

कांचघर मोहल्ल्यातल्या आमच्या फॅक्टरी क्वार्टरमध्ये मी जुन्या कॉम्प्युटरचा सर्व्हर केला होता. मंडळाच्या गणपतीतल्या मराठी नाटकांच्या कॅसेटींना बुरशी लागली होती आणि कार्यकारिणीला लाज नव्हती, म्हणून मीच त्या सर्व्हरवर उतरवून राहिलो होतो. बाजारात जाताना आईने सवयीने मेन स्विच पाडला. एक अख्खा अंक गेला.

ती परतल्यावर मी विचारलं, "काहून बंद केलं?"

"घरात माणूस नाही, तर वीज कशाला?"

बाबांनी फॅक्टरीत दुरुस्तीच्या वेळी मशीनला लावतात तसा लाल पुठ्ठा स्विचला बांधला: 'आदमी काम पर है.'

"अच्छा? कुठे आहे आदमी?"

"त्या डब्यात. तुझी सगळी नाटकमंडळी."

आईने पिशवी खाली ठेवली. "माझा अंक तर नाही ना गेला रे?"

तोच गेला होता. कॅसेट पुन्हा लावली, तर दोन मिनिटांत फीत तुटली. आईच्या आवाजाची तेवढी दोन मिनिटं अजून माझ्याजवळ आहेत.