चार किलोबाइटांतला तंबोरा

मुरारच्या एका मंगल कार्यालयात डेमोपार्टी होणार, असं मैत्रिणीनं फोनवर सांगितलं तेव्हा मी भाजीची पिशवी घेऊन पाटणकर बाजारात उभी होते. "आपल्या ग्वाल्हेरात?" मी इतक्या जोरात ओरडले की समोरच्या दुकानदारानं मान वर करून पाहिलं.

कॉलेजात असताना याच मैत्रिणीनं मला पहिला डेमो दाखवला होता. डेमो म्हणजे एक छोटासा प्रोग्राम. तो सुरू केला की पडद्यावर चित्रं हलतात, संगीत वाजतं, आणि ते सगळं संगणक त्याच वेळी गणितानं घडवत असतो. आधी तयार करून ठेवलेला व्हिडिओ नाही, रेकॉर्ड केलेलं गाणं नाही. युरोपात लोक दोन-तीन दिवस एकत्र जमून अशा डेमोंच्या स्पर्धा घेतात. त्यातला माझा लाडका प्रकार चार किलोबाइटांचा. चित्र, आवाज, सगळं धरून अख्खा प्रोग्राम चार हजार शहाण्णव बाइटांत बसला पाहिजे. मराठीत टाइप केलेलं एक भरलेलं पानही तेवढ्यात मावत नाही. दिवसभर मी घरून एका कंपनीचं सॉफ्टवेअर लिहायची, आणि मन लागेनासं झालं की दुसऱ्यांचे डेमो बघत बसायची. स्वतः कधी केला नव्हता. आता स्पर्धाच आपल्या गावात आली म्हटल्यावर बघत बसणं शक्य नव्हतं.

चित्र लगेच सुचलं. किल्ल्यावरच्या महालाच्या भिंतीवर निळ्या फरशांमध्ये पिवळ्या बदकांची रांग आहे. ती रांग चालू लागली तर? बदकं भिंतीवरून खाली उतरतात, निळ्या फरशांचं पाणी होतं, आणि ती पोहत निघतात. तीन आठवड्यांत बदकं डुलत चालायला लागली. एकाच बदकाचं सूत्र लिहायचं आणि त्याचीच रांग करायची, म्हणून जागा फार लागली नाही. मागे तंबोरा हवा होता. तोही मी गणितानं केला, चार तारा, प-सा-सा-सा, आणि हौसेनं आत्याला ऐकवला.

आत्या आमच्याकडेच राहते. मुलींच्या शाळेत गाणं शिकवून ती निवृत्त झाली आहे. तिनं डोळे मिटून अर्धा मिनिट ऐकलं.

"हा तंबोरा नाही गं. हा फ्रिज आहे."

"स्वर चुकलेत का?"

"स्वर एकदम ठीक आहेत. जवारी कुठंय?"

तिनं आपला तंबोरा काढला. तार जिथं घोडीवर टेकते तिथं खाली दोऱ्याचा एक बारीक तुकडा असतो. तो तिनं बाजूला सरकवला आणि तार छेडली. आवाज आला नि विझला. मग दोरा केसभर पुढे, केसभर मागे केला, आणि एका जागी येताच जवारी खुलली, अख्खी खोली झणझणायला लागली.

"आता खर्ज ऐक. छेडल्या छेडल्या नाही, जरा थांबून. वर काय येतंय?"

मी कान भोपळ्याला लावला. खालच्या सा मधून एक बारीक स्वर हळूहळू वर येत होता.

"गंधार?"

"हां! कोणत्या तारेवर लावलाय तो? कोणत्याच नाही. आपोआप निघतो. तुझ्या कंप्युटरात तो सगळं एकदम बोलून टाकतोय. इथं खालचे आधी बोलतात, वरचे मागून येतात."

मी जवळजवळ पळतच टेबलाशी गेले. एका तारेतून निघणारे सगळे उपस्वर माझ्या प्रोग्रामात एकाच क्षणी सुरू होत होते आणि एकाच क्षणी विरत होते. प्रत्येकाला वेगळी वेळ द्यायची, जितका स्वर वरचा तितका उशिरा. एक छोटासा गुणाकार! ओळ बदलली, सुरू केलं, आणि हेडफोनमध्ये गंधार उमलला. मी हेडफोन काढून आत्याच्या कानांवर बसवले. तिनं फक्त बोट वर केलं. शाळेत मुलीचा सूर बरोबर लागला की करायची तसं.

पण फाइल झाली चार हजार एकशे एकतीस बाइट. पस्तीस जास्त. दोन दिवस मी शेपट्या कापल्या, पाण्याच्या लाटा कमी केल्या. प्रोग्राम दाबून लहान करण्याचं गणित विचित्र असतं, एकदा तर ओळ काढली आणि फाइल दोन बाइटांनी वाढली. शेवटी सुरुवातीला येणारं शीर्षक तेवढं उरलं. ते काढायला माझा जीव होत नव्हता.

"काढ की," आत्या म्हणाली. "मैफिलीत कोणी आधी नाव लिहून दाखवतं का? सरळ सा लावायचा."

शीर्षक गेलं. फाइल चार हजार नव्वद!

जानेवारीतल्या त्या शनिवारी धुक्यानं दिल्लीची गाडी पाच तास उशिरा आली, तरी चाळीसेक लोक जमले. कार्यालयाच्या खिडक्यांतून दुपारचं ऊन थेट पडद्यावर येत होतं, म्हणून आयोजनात असलेल्या माझ्या मैत्रिणीनं वऱ्हाडासाठी ठेवलेल्या रजया खिडक्यांवर टांगल्या होत्या. आत्या पहिल्या रांगेत शाल लपेटून बसली. आधी दोघांची समोरासमोर स्पर्धा झाली. पंचवीस मिनिटांत सगळ्यांदेखत प्रोग्राम लिहायचा, आणि लिहिता लिहिता पडद्यावर चित्र उमटत जातं. कुणी एक आकडा बदलला की अख्खा पडदा लाल व्हायचा आणि लोक शिट्ट्या मारायचे. आत्यानंही टाळ्यांचा ठेका धरला होता.

मग चार किलोबाइटवाले. माझा तिसरा नंबर होता. मैत्रिणीनं बटण दाबलं आणि पडदा काळा झाला. काळाच राहिला. आवाज तयार करायला संगणकाला थोडा वेळ लागतो हे मला माहीत होतं, पण घरी चार सेकंद लागायचे, इथं दहा झाले. मागून कुणीतरी म्हणालं, "हैंग हो गया क्या?" मैत्रिणीचा हात की-बोर्डकडे गेला.

"रुक! बंद मत कर!" मी उभी राहून ओरडले.

आणि खर्ज वाजला. लग्नातल्या बँडसाठी ठेवलेले स्पीकर होते ते. जमीन थरथरली. पडदा निळा झाला, पहिलं बदक डुलत उतरलं, मग दुसरं, मग रांगच रांग. ग्वाल्हेरच्या लोकांना भिंत ओळखू आली तसा आरडाओरडा सुरू झाला. "अरे, ये तो अपना किला है!" त्या गोंगाटातच गंधार वर आला, आणि सभागृह कुणी न सांगता गप्प झालं. फरशांचं पाणी झालं, बदकं लांब गेली, तंबोरा विरला. पुढचं काही मला नीट आठवत नाही. टाळ्या, पाठीवर थापा, आणि मैत्रिणीनं मारलेली मिठी.

रविवारी मतं मोजली. मी दुसरी आले. पहिला नंबर इंदूरच्या एका भावा-बहिणीचा. त्यांच्या डेमोत काचेचं शहर तबल्याच्या बोलांवर उभं राहायचं आणि शेवटी तोच बोल तीनदा येणाऱ्या तिहाईवर कोसळायचं. मला वाटलं आत्या रागावेल. पण ती त्यांच्याकडे जाऊन म्हणाली, "समेवर बरोबर पाडलंत हो! सुंदर!" दोघं मराठीच निघाले. बहीण मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, ते वरचे स्वर मागून कसे आणलेत? आम्ही तबल्याच्या शाईचा, त्या काळ्या गोलाचा, नाद अजून नीट आणू शकलो नाही."

"आधी तू तुझं शहर दाखव," मी म्हणाले.

तिनं लॅपटॉप जेवणाच्या लांब टेबलावर, पत्रावळींच्या गठ्ठ्याशेजारी उघडला. अख्खं शहर नऊ ओळींत होतं. पाचवी ओळ मी तीनदा वाचली, मग खुर्ची ओढली आणि म्हणाले, "थांब, ही परत सांग."