आबांना लागलेला राँग नंबर

मंडळी, आज दुपारचं कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

मी सणसवाडीत एका कंपनीत एचआरला आहे. दिवसभर कामगारांशी हिंदी, साहेबांशी इंग्रजी, फोनवर पुस्तकी मराठी. आज दुपारी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. सवयीनं ऑफिसच्या आवाजात म्हटलं, "नमस्कार, बोला, काय मदत करू?"

पलीकडं आबा होते, माझे वडील. गावाकडून, निमोण्यातून, शेजाऱ्यांच्या फोनवरून. मी पुढं काही बोलायच्या आत म्हणाले, "माफ करा म्याडम, चुकून लागला. लेकीला लावायचा व्हता." आणि फोन ठेवून दिला.

मी लगेच त्याच नंबरवर परत लावला. "आबा, मी हाय." आपल्या घरातली बोली, पण नाटकात काम केल्यासारखं वाटलं.

आबा खुशीत सांगायला लागले, "शेवंती तोडायला घेतली बघ. आन् मगाशी एका म्याडमला फोन लागला, लई गोड बोलल्या." त्या म्याडम मीच, हे सांगायला माझी जीभच रेटेना.

नंतर जिन्यात कुणी नव्हतं, तेव्हा स्वतःचं नाव दोन्ही आवाजांत घेऊन पाहिलं. दोन्ही वेळा दुसऱ्याच कुणाला तरी हाक मारल्यासारखं वाटलं.

तुम्ही एकटे असताना स्वतःशी कुठल्या आवाजात बोलता? खरं सांगा.