आधी पाणी, मग काम

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय: "डाकवाल्याचा गेम. डोंगर छान काढलाय. पण डाकवाल्याचा पाय घसरला आणि पत्रं दरीत गेली, की लगेच दुसरी पत्रं हातात येतात. हे बरोबर नाही. हरवलेलं पत्र हरवलंच पाहिजे. नाही तर पुढच्या वेळी कोण सांभाळून चालेल?"

दुसऱ्या पानावर होडीचा गेम आहे. "ह्यात मारामारी नाही म्हणून बरा वाटला. बाई एकटी होडी घेऊन बेटाबेटांवर फिरते. रोज मासे पकडते, पण होडीत विळी नाही. मासे साफ कोण करतं?" तिसऱ्या पानावर एका राणीचा गेम: "राणी मरते आणि परत जिवंत होते. आठ वेळा मेली. नवव्या वेळी मला तिची काळजी वाटेना."

हे गेम फारसे कोणाला माहीत नसतात. कुठेतरी दोन-तीन माणसांनी एका खोलीत बसून केलेले असतात. आमच्या ऑफिसातली मुलं असे गेम शोधून काढतात, खेळतात आणि माझ्या फोनवर टाकतात. "मावशी, खेळ आणि खरं सांग." मी खरं सांगते. मी खरं सांगायला लागले कशी, ते एकदा नीट लिहून ठेवते. नाही तर पुढे मलाच खोटं वाटेल.

मी चौथी शिकले. देवगडच्या बाजूचं आमचं गाव. पाचवीची शाळा खाडीच्या पलीकडे होती, होडीतून जावं लागायचं, वडिलांनी पाठवलं नाही. पण चौथीपर्यंत वाचनात माझा पहिला नंबर असायचा. गुरुजी मला उभं करून धडा वाचायला लावायचे. तेवढाच माझा आवाज लोकांनी ऐकला. नंतर लग्न झालं, बोरीवलीला आले, आणि माझं सगळं "हो" आणि "नाही"वर भागायला लागलं. कोणी काही विचारलं की शब्द घशापर्यंत येतात आणि तिथेच बसतात.

मालाडला एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर गाळा आहे. तिथे पाच मुलं गेम बनवतात. मुलं म्हणायचं, सगळी तिशीच्या आसपासची. मी तिथे झाडू-पोछा, चहा, दुपारी डबे गरम करणं हे बघते. एक चित्रं काढणारी मुलगी आहे, ती माझ्याशी सगळ्यात जास्त बोलते. एक चष्मेवाला आहे, तो कॉम्प्युटरवर गेम चालता करतो. आणि ज्याने ऑफिस काढलं त्याला सगळे चिडवायला बॉस म्हणतात. बाकीचे दोघे कानात हेडफोन घालून असतात.

त्यांनी अडीच वर्षं एक गेम केला. एक मुलगी खाडीकाठच्या गावात येते. खाडीच्या तोंडावरचा दिवा विझलेला असतो, त्यामुळे होड्या परत येत नाहीत. दिवा पेटवायला एका घरातून तेल, एका घरातून वात, एका घरातून काच असं गोळा करायचं. प्रत्येक घर आधी काहीतरी काम सांगतं. ते केलं की वस्तू मिळते. गाव आमच्यासारखंच काढलं होतं. लाल माती, घराभोवती चिऱ्याचा गडगा, अंगणात वाळत घातलेली आमसुलं.

गेम बाहेर काढायच्या आधी त्यांनी तो काही लोकांना खेळायला दिला. खेळताना केव्हाही फोनवर एक फॉर्म उघडता येतो. नाव लिहायचं नाही, फक्त मत लिहायचं आणि चांदण्या द्यायच्या; मतापुढे नावाऐवजी नुसता एक आकडा दिसतो, एका माणसाचा एकच. ती मतं रोज चारच्या चहाला मोठ्या पडद्यावर लावून मोठ्याने वाचायची अशी ऑफिसची रीत. चहा मीच देत असल्यामुळे सगळं माझ्या कानावर पडायचं.

मतं बरी नव्हती. "चित्रं सुंदर, गाव मेलेलं." "कंटाळा आला, पहिल्याच घरी सोडला." एकाने लिहिलं होतं, "मी इथे हिरो आहे की हमाल?" ते वाचून चष्मेवाल्याने दोन दिवस डबा उघडला नाही. बंगळूरूची एक कंपनी त्यांचा गेम घेणार होती, पण आधी त्यांना खेळणाऱ्यांची मतं बघायची होती. त्यांनी नाही म्हटलं तर महिनाअखेर गाळा रिकामा करायचा, असं बॉसने सगळ्यांना सांगितलं होतं. मला वेगळं बोलावून सांगितलं. "मावशी, तुम्ही दुसरीकडे बघून ठेवा, माझ्यामुळे अडकू नका." मी "हो" म्हटलं. पँट्रीत आले आणि सगळ्यांचे डबे गरम करायला लावले.

त्याच आठवड्यात चित्रवालीने माझ्या फोनवर गेम टाकला होता. "खेळू नकोस हवं तर. माझं गाव बघ फक्त." मी बघायला लागले आणि खेळायला लागले. आमच्याकडे पहाटे नळाला पाणी येतं. पिंप भरेपर्यंत मी ओट्यावर बसून खेळायची. मी हळू वाचते, त्यामुळे एकही अक्षर सुटत नाही. आमचे हे म्हणाले, "काय गो, ह्या वयात गेम खेळतंस?" मी मान हलवली आणि पुढच्या घरात शिरले.

गाव का मेलेलं वाटतं, ते मला पहिल्याच घरी कळलं. मुलगी भर उन्हात चालत येते. दारात म्हातारी उभी. म्हातारी म्हणते, "कोण तू? आलीच आहेस तर माझी शेळी शोधून आण." मी फोन खाली ठेवला. आमच्या गावात अशी बाई असती तर तिचं नाव चार वाड्यांत बदनाम झालं असतं.

मी फॉर्म उघडला. तोंडाने सांगायला मला जमलं नसतं, पण इथे नाव विचारत नव्हते. बहिणीला मेसेज लिहिते तसं एका बोटाने लिहिलं: "उन्हातून आलेल्या माणसाला आधी पाणी द्यावं, मग काम सांगावं. म्हातारी वाईट नाही, तिला तुम्ही वाईट केलंत." खाली पाच चांदण्या होत्या. गेम मला मनापासून आवडला होता. मी पहिल्या चांदणीवर बोट ठेवलं. ती पिवळी झाली. मला बरं वाटलं. पुढे तीन घरं खेळले, तीन मतं लिहिली आणि तिन्ही वेळा पहिली चांदणी दिली.

दोन दिवसांनी चारच्या चहाला चष्मेवाला ओरडला, "आला! परत आला तो वन-स्टारवाला!"

"कोण आहे रे हा खडूस?" चित्रवाली म्हणाली.

"चार घरं, चार वेळा एक स्टार. पाचपैकी एक! पूर्ण ॲव्हरेजची वाट लावली ह्याने. बंगळूरूवाले शुक्रवारी हेच बघणार आहेत."

"काय लिहिलंय ते तरी वाच."

"म्हणे आधी पाणी द्या." चष्म्यातून त्याने सगळ्यांकडे बघितलं. "आपण काय पाणपोई उघडलीय?"

सगळे हसले, बॉस सोडून. तो म्हणाला, "इतकं आवडलं नाही तर हा माणूस सोडून का देत नाही? प्रत्येक घरात जातोय."

माझ्या हातात ट्रे होता. मी तो टेबलावर ठेवला आणि पँट्रीत गेले. पाचपैकी एक. म्हणजे मी त्यांना नापास केलं होतं. ज्या गेमसाठी ही पोरं दुपारचा डबा विसरतात, तो मी माझ्या बोटाने बुडवत होते. गप्प राहिले असते तर कोणाला कळलं नसतं. नाव कुठेच नव्हतं. धुतलेले कप मी परत धुतले. दोनदा दारापर्यंत गेले आणि मागे फिरले. तिसऱ्यांदा मात्र गुरुजींनी उभं केल्यासारखे पाय आपोआप पुढे गेले.

"तो खडूस मी आहे," मी म्हटलं.

कोणाला कळलंच नाही. चित्रवाली म्हणाली, "काय गं मावशी? साखर संपली का?"

"त्या चांदण्या मी दिल्या. एक म्हणजे पहिला नंबर समजले मी."

हेडफोनवाल्या दोघांनीही हेडफोन काढले.

"मावशी," चष्मेवाला म्हणाला, "पाच म्हणजे सगळ्यात भारी असतं!"

"आमच्या शाळेत पाचव्या नंबरवाल्याला कोण विचारायचं?"

चित्रवाली खुर्चीवरून घसरली, इतकी हसली. चष्मेवाल्याने कपाळावर हात मारून घेतला. "म्हणजे सगळे एक स्टार हे टॉपर होते यार!" बॉस मात्र उठला, त्याने आपली खुर्ची माझ्याकडे ढकलली आणि म्हणाला, "बसा. ते पाण्याचं नीट सांगा."

मी बसले नाही, पण बोलले. इतकं सलग मी आयुष्यात बोलले नव्हते. म्हटलं, आमच्याकडे कोणी उन्हातून दारात आलं की आधी पायांवर घ्यायला पाणी. मग गुळाचा खडा आणि प्यायचं पाणी. ते पिऊन होईपर्यंत नावसुद्धा विचारत नाहीत. पिऊन झालं की नाव-गाव, कोणाकडची, सगळं. आणि ज्याने तुमच्या घरचं पाणी घेतलं, त्याला मग तुमची शेळी हरवलेली दिसते. तो स्वतःच विचारतो, शोधून आणू का? "तुमची म्हातारी दारातच काम सांगते. म्हणून त्या माणसाला हमाली वाटली. तो खोटं बोलला नाही."

बॉसने पडद्यावर म्हातारीचं घर उघडलं. मग चष्मेवाल्याला म्हणाला, "शुक्रवारपर्यंत होईल?"

"झोपलो नाही तर होईल."

"झोप. पण उद्या सकाळी लवकर ये."

पुढचे दोन दिवस मी त्या खुर्चीवर बसले. चित्रवालीने तांब्या काढला, तो फुलदाणीसारखा झाला. मी म्हटलं, गळा आखूड कर आणि वर पेला पालथा घाल. चष्मेवाल्याने पाणी पिण्याचं बटण केलं. मी म्हटलं, एका झटक्यात नको, घोट घोट दिसू दे, उन्हातून आलीय ती. त्याने विचारलं, "आणि कोणी पाणी न पिता निघून गेला तर?" मी म्हटलं, "तर म्हातारी रुसेल, दुसरं काय?" त्याने तसंच केलं. म्हातारी तोंड फिरवून सुपातले तांदूळ पाखडत बसते. त्या दोन दिवसांत चहा बॉसने केला. तो चहा कोणी संपवला नाही.

माझ्या जुन्या चांदण्या पुसून टाकतो, असं चष्मेवाला म्हणाला. मी नको म्हटलं. दिलेलं मत खोडायचं नाही. नवीन गेम मी परत खेळले आणि परत मत दिलं. चार चांदण्या दिल्या.

"चार?" तो ओरडला. "एक कापला? आत्ता तरी पाच द्या ना मावशी!"

"काचवाल्याच्या घरी अजून दारातच काम सांगतात."

त्याने जाऊन बघितलं. खरंच राहिलं होतं.

गुरुवारी नवीन गेम त्याच लोकांना परत पाठवला. शुक्रवारी मतं यायला लागली तेव्हा कोणी चहाची वाट बघितली नाही. पहिलं मत हमालवाल्याचं. त्याने लिहिलं होतं, "पाणी प्यायल्यावर त्या म्हातारीला मी स्वतः विचारलं, काय हवंय तुला? शेळी शोधायला तीन डोंगर फिरलो." चष्मेवाल्याने ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना त्याला चष्मा काढावा लागला. दुसरं कोणीतरी लिहिलं होतं की खेळता खेळता तहान लागली, उठून पाणी प्यायला गेलो. संध्याकाळी बंगळूरूचा फोन आला. बॉस फोन घेऊन जिन्यात गेला. परत आला तो दोन्ही हात वर करून, "घेतला त्यांनी!" म्हणतच. चित्रवालीने मला मिठी मारली आणि माझ्या साडीला तिचा निळा रंग लागला. तो अजून गेलेला नाही. घालवायचा प्रयत्नही मी केलेला नाही.

गाळा रिकामा करावा लागला नाही. गेम बाहेर आला. चहा परत मीच करते, पण आता चारला बॉस म्हणतो, "मावशी, वाचा." मराठीतली मतं मी उभी राहून वाचते, मागच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल अशी.

परवा एक मत आलं. एक चांदणी. चष्मेवाल्याचा चेहरा पडला. "वाचू नका मावशी, उगाच मूड जाईल."

"आधी काय लिहिलंय ते तर बघू," मी म्हटलं आणि वाचलं. "म्हातारीकडे तीन वेळा पाणी प्यायलो. अजून तिने माझं नाव विचारलं नाही."

ऑफिसात सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"बरोबर आहे त्याचं," मी म्हटलं. "विचारायलाच हवं होतं. चला, लिहून घ्या."